बाबांना उठवायचं नाही

रात्रपाळीहून आलेल्या माणसाला उठवायचं नाही, हा आमच्या पाम गावातल्या खोलीतला पहिला नियम. बाबा केमिकल कंपनीत पंपावर होते. सकाळी चहा घेऊन आडवे व्हायचे. मग आई टीव्ही बंद करायची. शिट्टी नको म्हणून डाळसुद्धा पातेल्यात शिजवायची.

बाबांचं घोरणं भिंतीपलीकडे ऐकू जायचं. मधेच ते बंद पडायचं. छाती हलायची, पण श्वास आत जात नसे. मी आणि धाकटा भाऊ तेव्हा नाक दाबून बसायचो. बाबांचा श्वास सुरू होईपर्यंत टिकेल तो जिंकला. बहुतेक वेळा आम्ही दोघंही हरायचो. बाबा आचका देऊन श्वास घ्यायचे आणि आम्ही तोंडात ओढणी कोंबून हसायचो.

कामावर ते पेंगायचे. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणायचा, "क्या चाचा, ससुराल आए हो?" गोळ्या चालू असूनही ब्लडप्रेशर उतरत नव्हतं.

कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. दुसऱ्या वर्षी मॅडमनी शिकवलं, की झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबला तर रक्तातला ऑक्सिजन उतरतो, दाब चढतो, हृदयावर ताण येतो. लिहिताना माझा हात थांबला.

घरी येऊन आईला म्हटलं, "बाबांना डॉक्टरकडे नेऊ या. झोपेत त्यांचा श्वास थांबतो."

"बापूस ढाराढूर झोपतो, ते पन तुला बघवत नाय? मोठी डाक्टरीन आली!"

शेजारची काकू हसली. मलाही वाटलं, एका धड्यावर मला काय कळणार? परीक्षा झाल्यावर पुन्हा बोलू, असं ठरवलं.

परीक्षेआधीच, एका सकाळी पाळी सुटल्यावर बाबा कंपनीच्या गेटजवळ छाती धरून खाली बसले. "चाचा फिर सो गए," म्हणत लोक बाजूने निघून गेले. बऱ्याच वेळाने कुणीतरी हलवून पाहिलं.

पालघरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी झोपेबद्दल विचारलं. आई कौतुकाने म्हणाली, "एकदम गाढ हाय. आमी उठवतच नाय."

"श्वास थांबतो, सर," मी म्हटलं. "आम्ही लहान होतो तेव्हापासून."

डॉक्टर म्हणाले, झोपेची तपासणी करू, श्वास थांबण्यानेच ब्लडप्रेशर चढत असेल. पण हार्ट अटॅकने हृदयाचा जो भाग गेला तो परत येणार नाही. पंपावरचं काम संपलं.

खाटेवरून बाबा माझ्याकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

"कॉलेजात शिकवलं होतं, बाबा."

"मग शिकवली कशाला तुला?"

एवढं म्हणून त्यांचे डोळे मिटले आणि घोरणं सुरू झालं.