काऊन भेऊन राहिले जी?

पांढुर्ण्याच्या आमच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात माझ्या बाजूला बसणारे कारकून सदा गुणगुणत असत. काम जितकं अवघड, तितकी गुणगुण मोठी. कुणी घाबरलं की म्हणत, "काऊन भेऊन राहिले जी? होऊन जाते ना!"

माझ्या ताब्यातला कॉम्प्युटर रोज सकाळी जुनीच तारीख दाखवू लागला. बिलं चुकली. साहेबांनी मला नोकरीवरून काढायची धमकी दिली, वर यंत्र उघडायचं नाही अशी ताकीदही. ते नागपूरला गेले त्या दुपारी या कारकुनांनी पेचकस काढून यंत्र उघडलं. यंत्रातल्या घड्याळाची बॅटरी पाझरून आतल्या बोर्डावर हिरवट खार चढला होता. बॅटरी उपटून, खार सुटावा म्हणून यांनी चक्क डब्यातलं आंबट संत्रं त्यावर पिळलं! मग ओल्या कापसाने पुसून, वाळवून, यांनी नवी बॅटरी सोल्डर केली.

"आता बाहेर जा जी. बिघडलं तर साहेबाले सांगा, तुमाले माहीतच नोतं."

मी दाराबाहेर थांबलो. आतली गुणगुण बंद पडली. मग बटणाचा खटका वाजला.

बऱ्याच वेळाने हाक आली. पडदा उजळला होता. "पाहा, उगाच भेऊन राहिले होते," ते हसले.

टेबलाच्या काचेवर त्यांच्या दोन्ही तळव्यांचे घामाचे ठसे अजून ओले होते.