डोलीवाल्याचा साफा

“आदी नाव इचारा, मंग उचला.”

सटवाजी हे वाक्य पोखर्णीच्या शिवारात मेंढरं चारताना म्हणे, आडात पडलेलं करडू वर काढताना म्हणे, आणि परभणीला अंजुमनच्या अंगणात म्हाताऱ्या शिपायांना शिकवताना तर घडीघडीला म्हणे. करडाला काय नाव विचारायचं, असं म्हणून कोणी हसलं तरी तो हसत नसे. बसऱ्याच्या लढाईत तो डोलीवाला होता. गोळ्या झाडणाऱ्यांच्या मागं चालायचं, पडलेला गडी उचलायचा, डोलीत घालून दवाखान्याच्या तंबूपर्यंत न्यायचा, हे त्याचं काम. पडलेल्याला नाव विचारलं की दोन गोष्टी होतात, तो सांगे. जीव आहे का नाही ते कळतं, ही एक. आणि ज्याचं नाव कळलं त्याला हात खाली टाकत नाहीत, ही दुसरी. बिननावाचं ओझं माणूस दमला की टाकून देतो.

जातीचा हटकर धनगर. अंगानं शिडशिडीत, मान ताठ. जुवानं बैलाच्या खांद्याला पडावा तसा घट्टा डोलीच्या दांड्यानं त्याच्या उजव्या खांद्याला पडला होता, आणि तो झाकला जाऊ नये म्हणून घोंगडी तो नेहमी डाव्या खांद्यावर टाकी. लढाई सरल्यावर सरकारनं शिपायांना चांदीचा तमगा दिला आणि डोलीवाल्यांना काशाचा. सटवाजीनं आपला तमगा एका एडक्याच्या गळ्यात बांधून टाकला. एडका मेला, तमगा कुठं गेला ते कोणाला ठाऊक नाही.

परभणीच्या मोंढ्यामागं पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं अंगण, एवढीच अंजुमनची जागा. लढाईवरून परतलेल्या शिपायांनी काढलेली ही संस्था. आजारी साथीदाराला दवाखान्यात न्यावं, शिपायाच्या विधवेला कचेरीत सोबत करावी, उरुसात आणि नरसिंहाच्या जत्रेत गर्दीत सापडलेल्याला उचलून सावलीला आणावं, अशी कामं ते करत. मेंबराला खाकी साफा मिळे. मेंबर मेला की सगळे साफे बांधून त्याच्या गावी जात, खांदा देत, आणि अंजुमनचे सदर, म्हणजे अध्यक्ष, आबासाहेब जमादार मोठ्यानं पुकारत, “सिपाही अमुक!” मेलेल्याच्या वतीनं सगळे एका दमात म्हणत, “हाजिर!”

सटवाजीच्या गावात एकदा असं झालं होतं. गेलेला माणूस गरीब, उभ्या जन्मात कोणी त्याला ओसरीवर बसवलं नव्हतं. पण त्या दिवशी ‘हाजिर’चा आवाज शिवारात घुमला आणि पाटीलसुद्धा पागोटं सावरून उभा राहिला. तेव्हापासून सटवाजीच्या मनानं एकच गोष्ट धरली. आपल्याला साफा पाहिजे.

पण साफा शिपायाला. डोलीवाला कुठला शिपाई? तो लष्कराच्या मागं चालणाऱ्या धोबी-भिस्त्यांतला. अंजुमनच्या लोकांनी एका उरुसात चक्कर आलेल्या माणसाला कडब्याच्या पेंढीसारखा ओढून त्याचा खांदा निखळवला, तेव्हा कुठं आबासाहेबांना सटवाजीची आठवण झाली. तेव्हापासून सटवाजी दर बाजाराच्या दिवशी गावाहून पायी परभणीला जाई, मेंबरांना शिकवी आणि पायीच परत येई. सारे त्याला ‘सटवा’ म्हणत. चहाची बशी त्याला अंगणात मिळे.

“दाजी, तुमी म्हंजी वरातीतलं वाजंत्री,” ग्यानबा म्हणायचा. हा त्याच्या बायकोचा, केवळाबाईचा, धाकटा भाऊ. दोघांची मेंढरं एकाच काट्यांच्या वाड्यात बसत. “तुमच्याबिगर वरात हालंना, अन् पंगतीत पान समद्यांच्या शेवटाला.”

“तुझ्या बहिणीच्या लग्नात तर मला पानच न्हवतं,” सटवाजी म्हणे. “तुझ्या बापानं पत्रावळी मोजून आनल्या हुत्या.”

असं दोघांचं चाले.

शिपायांना शिकवणं सोपं नव्हतं. त्यांना उभ्या उमरीत एकच गोष्ट शिकवलेली. कदम मिळवा. डावा म्हणजे सगळ्यांचा डावा. डोलीचं काम उलटं. चौघांचे पाय एका ठेक्यात पडले की डोली पाळण्यासारखी झुलते आणि आतल्या माणसाचं मोडलेलं हाड मांसात फिरतं. म्हणून पुढच्यानं डावा टाकला की मागच्यानं उजवा टाकायचा. सटवाजी याला ‘कदम मोडणं’ म्हणे. तो डोलीत काठोकाठ भरलेली घागर ठेवी आणि अंगणातून फिरवायला लावी. पहिल्या दिवशी घागर निम्मी झाली आणि सगळ्यांची धोतरं ओली.

“बीस साल कदम मिलाया मैं,” मदार शेख कुरकुरला. हा जुना नाईक, मिशा पांढऱ्याशुभ्र. “अब तू तोडने कू बोलता? पाणक्या बनवलंस रे सटव्या आमाला.”

“पाणक्यानं बी येवढं सांडलं तर मालक दारात उभा करीत न्हाई, शेखसाब. भरा पुन्हा.”

हळूहळू पाणी घागरीत राहू लागलं. ज्या दिवशी एक थेंबही सांडला नाही, त्या दिवशी मदार शेखानं डोली खाली ठेवली, घागरीतलं पाणी ओंजळीनं प्यायला आणि सटवाजीला आपल्या चंचीतलं पान दिलं. सटवाजीनं ते पान न खाता घरी आणलं आणि केवळाबाईला दाखवलं.

मग निजाम हुजुरांच्या जुबिलीचं साल आलं. परभणीच्या मैदानात कमानी उभ्या राहायला लागल्या. आबासाहेबांनी सटवाजीला पहिल्यांदाच खोलीच्या आत बोलावलं.

“जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांपुढं अंजुमननं डोलीचं काम करून दाखवायचं. आपला मेंबर लिंबाजी जखमी झाल्याचं सोंग करील. काम झोकात झालं, तर तिथंच, साहेबांसमोर, तुला साफा. आबासाहेबाचा शब्द आहे.”

“शिपाई म्हनून?”

“शिपाई म्हणून.”

“अन् बिघडलं तर?”

“तर आहेस तो आहेसच की. तुझं काय जातंय?”

त्या दिवशी सटवाजी वाटेत कुठं थांबला नाही. केवळाबाईनं सगळं ऐकलं, चुलीतली राख ओढली आणि म्हणाली, “साफा बांधून याल, अन् मेंढरं बुजून पळतील. मंग वळत बसा.” पण धोतर तिनं रिठ्यानं धुतलं. ग्यानबा म्हणाला, “म्या बी येतो. दाजीच्या डोक्याला साफा बसतो का न्हाई, बघाय नगं?”

जुबिलीच्या सकाळी मैदान भरलं. लिंबाजी आधीपासूनच कण्हायला लागला होता. त्याला सगळे म्हणत होते, बाबा, थोडं पुढच्यासाठी ठेव. शामियान्याजवळच्या कमानीला आंब्याचे डहाळे बांधायचे राहिले होते, आणि गडी कमी. ग्यानबा झाडावर चढणारा माणूस, चढला. वरचा बांबू निसटला आणि ग्यानबा खालच्या दगडावर आदळला.

सटवाजी धावला. मांडीचं हाड मोडलं होतं, पाय भलतीकडंच वळला होता. तो गुडघ्यावर बसला आणि सवयीनं म्हणाला, “नाव सांग.”

ग्यानबाचा चेहरा राखेसारखा झाला होता. “ठावं न्हाई व्हय? माज्या बहिणीला इचारा.”

सटवाजीनं दोन काठ्या मागून घेतल्या, केवळाबाईनं धुतलेल्या धोतराचा काठ फाडला आणि पाय बांधला. मदार शेख पुढं, दुसरे तिघे आपापल्या दांड्याला. “कदम मोडा,” सटवाजी म्हणाला आणि स्वतः ग्यानबाच्या पायाशी चालायला लागला. डोली निघाली. नदीत सोडलेली पत्रावळ जावी तशी चालली. इतकं चांगलं काम अंगणात कधी झालं नव्हतं.

“बैलगाडीपरीस बरं हाय, दाजी,” ग्यानबा म्हणाला.

दवाखाना मैदानापल्याड. शामियान्यामागून बोळ होता, लांबचा, पण मोकळा. डोली बोळाकडं वळणार, तेवढ्यात तालुकदारांची मोटार आली आणि बँड सुरू झाला. आबासाहेब धावतच आले. त्यांच्या काखेत घडी घातलेला कोरा खाकी साफा होता. त्यांनी ग्यानबाकडं पाहिलं, बँडाकडं पाहिलं, आणि त्यांचे डोळे चमकले.

“तिकडून कुठं? शामियान्यापुढून न्या. लिंबाजीची काय गरज? साहेबांना खरंच काम दिसू दे. कदम मिलाव!”

शिपायांचे पाय त्या हुकुमाची वीस वर्षं वाट बघत होते. बँडाचा ठोका पडला आणि चौघांचा डावा एकदम पडला. मदार शेखानं एकदा मान वळवून सटवाजीकडं पाहिलं. डोली झुलायला लागली.

सटवाजीनं फक्त दोन शब्द म्हणायचे होते. ते दोन शब्द त्यानं बाजाराच्या प्रत्येक दिवशी, घसा बसेपर्यंत ओरडून म्हटलेले. म्हटले असते तर मदार शेख नक्की थांबला असता. शब्द दातांपर्यंत आले. आबासाहेब बाजूनं चालत होते, साफा आता काखेतून हातात आला होता. शामियान्यात तालुकदार उठून उभे राहिले, त्यांच्यासोबत सगळं मैदान उभं राहिलं. एवढंच तर अंतर आहे, सटवाजीनं मनाला सांगितलं. पुढं गेल्यावर मोडू.

“दाजी,” ग्यानबानं त्याचं मनगट धरलं. “मोडा म्हना की.”

सटवाजी समोर बघून चालला.

मग ग्यानबा ओरडला. बँड मोठा होता. रांगेतल्या एकानं दुसऱ्याला कोपर मारलं, “काय हुबेहूब करायलाय गडी,” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. काठ्यांच्या मधून धोतराचा काठ लाल झाला. शामियान्यासमोर डोली थांबली तेव्हा ग्यानबाची शुद्ध गेली होती. त्याला तसाच पुढं नेला, आणि सटवाजीला आबासाहेबांनी दंड धरून मागं थांबवलं. साहेब काहीतरी चांगलं बोलले. आबासाहेबांनी साफा बांधला.

“सिपाही सटवाजी!”

त्याच्या तोंडून आवाज निघाला, “हाजिर.”

ग्यानबा दवाखान्यात लांबला. घरी आला तेव्हा ज्वारीची कापणी उरकलेली होती. पाय राहिला, पण मूठभर आखूड आणि वाकडा. पडल्यानं हाड मोडलं होतं ते सरळ जुळलं असतं, डॉक्टर म्हणाले. मग ते फिरलं आणि मांस फोडून बाहेर आलं, त्यानं घात झाला. मेंढरांमागं रानोमाळ फिरणं सरलं. तो वाड्याच्या तोंडाशी दगडावर बसून राही, आणि लोकर कातरायला त्याच्यापुढं मेंढरू आणून द्यावं लागे.

केवळाबाईनं नवऱ्याला एकदाच विचारलं.

“तुमी संगं हुता ना?”

“हुतो.”

“मंग?”

सटवाजी घोंगडीच्या दशा वळत बसला. तिनं पुन्हा विचारलं नाही. साफा खुंटीवर होता. घरातल्या सगळ्या वस्तू तिच्या हातून झाडल्या-झटकल्या जात, साफ्यावर मात्र धूळ बसू लागली. ती सटवाजी स्वतः झटकी.

ग्यानबा भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडला नाही, गावात कोणाला काही सांगितलं नाही. फक्त त्यानं ‘दाजी’ म्हणायचं सोडलं.

“मेंबर, जरा पानी देता का?” तो म्हणायचा. “मेंबर, ती काळी मेंढी लंगडायलीय, बघा.” अगदी सरळ आवाजात. सटवाजी पाणी देई, मेंढी बघे. गावातली पोरंठोरंही मग त्याला ‘मेंबर’ म्हणायला लागली, आणि त्यांना वाटे की आपण मान देतो आहोत. पाटलानं एकदा ओसरीवर बसायला सांगितलं. सटवाजी बसला, आणि सुपारी तोंडात तशीच धरून उठून आला.

पुढल्या उरुसाला आबासाहेबांचा निरोप आला. सगळ्या मेंबरांनी यावं. सटवाजीनं आता डोलीमागं पळू नये, साफा बांधून सदरांच्या शेजारी उभं राहावं.

सकाळी तो साफा मांडीवर घेऊन बसला. केवळाबाई ताक घुसळत होती.

“जायचंच हाय व्हय?” ती म्हणाली.

“न्हाई गेलो तर त्याचा पाय माघारी यील का?”

“न्हाई यायचा.”

“मंग? साफा टाकून दिला तर पाय कशापायी गेला म्हनायचं?”

तिनं रवी थांबवली. “कशापायी गेला ते समद्यास्नी ठावं हाय. तुमाला येकट्यालाच अजून इचारावं लागायलंय.”

साफा बांधायला त्याला फार वेळ लागला. एक पदर सारखा सुटत होता. शेवटी त्यानं तो तसाच खोचला, काठी घेतली आणि बाहेर आला.

ग्यानबा दगडावर बसला होता. कुबडी बाजूला, पुढ्यात निम्मी कातरलेली मेंढी.

“निगाला का, मेंबर?”

“व्हय.”

“नीट जावा. गर्दी लय असती तिथं.”

सटवाजीनं काठी दुसऱ्या हातात घेतली. मग तो परभणीच्या वाटेला लागला. केवळाबाई पाल्याची दुरडी घेऊन दारात आली, तिनं वाटेकडं पाहिलं नाही, पाठ करून मेंढरांना पाला टाकायला गेली. पाहत राहिला तो ग्यानबा. कात्री हातात धरून तो साफ्याकडं पाहत नव्हता. धुळीत एकामागून एक सारखे, सरळ पडणाऱ्या त्या दोन पायांकडं पाहत होता, वाट बाभळींच्या आड वळेपर्यंत.