पाच वाजायच्या आतला ओटीपी

विसरू म्हटले तरी त्या दुपारचा एक ‘टिंग’ अजून माझ्या कानात वाजतो. ऐन उमेदीत मी वाडी ठाण्याचा फौजदार होतो; नुसता खाकरलो तरी वाडीतले ट्रक आपोआप न्यूट्रलमध्ये जात. पण तो गुन्हा उघडला मोबाइलच्या टिंगने.

दुपारी तीनला एक मुलगी ठाण्यात आली. वडील बुटीबोरीच्या कापड गिरणीत. एका विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज तिने प्रताप नगरातल्या एका मार्गदर्शकाकडून भरून घेतला होता. त्या पठ्ठ्याने अर्जाच्या ऑनलाइन खात्याला मोबाइल नंबर जोडला तो स्वतःचाच; पासवर्डही त्याच्याकडेच. आता मुदत संध्याकाळी पाचपर्यंत, आणि तो म्हणत होता, अर्धी शिष्यवृत्ती मला लिहून दे, तरच अर्ज पाठवतो.

"मग दे लिहून," मी मुद्दाम डिवचले.

"काहून देऊ, साहेब? मार्क माहे, मेहनत माही. फुटकी कवडी नाही देत!"

ठाणे अंमलदार तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवू लागले. मी त्यांचे पेनच खिशात घातले आणि मार्गदर्शकाला उचलून आणले.

"या पोरीले मी ओळखतच नाही, साहेब," तो पाकातल्या जिलबीसारखा गोड बोलला.

मी असा गरजलो, की छताचा पंखा उलटा फिरला असावा. गडी हलेना. साडेचार झाले.

"साहेब, बोंबलून काय होते? मले कम्प्युटर द्या," मुलगी म्हणाली.

तिने आपले खाते काढले आणि ‘पासवर्ड विसरलात?’ यावर क्लिक केले.

टिंग!

मार्गदर्शकाच्या खिशात.

पंचांसमोर मोबाइल काढला. त्यावर आलेला ओटीपी त्याला त्याच्याच तोंडाने वाचायला लावला. मुलीने खात्याला स्वतःचा नंबर जोडला आणि पाचला सात मिनिटे कमी असताना अर्ज पाठवला. मग मी फिर्याद नोंदवून घेतली, अंमलदारांच्याच पेनने. पुढे शिष्यवृत्ती तिला मिळाली. पूर्ण.

चोराला पहार लागत नाही, आपणच किल्ली नेऊन देतो, हे त्या दिवशी कळले. त्या रात्री घरी मुलाचा अर्ज उघडून पाहिला. त्यावर नंबर कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेवाल्याचा! त्याच्याकडे पोराला पाठवले होते ते मीच, या खाकी वर्दीतल्या शहाण्याने.

आता निवृत्त आहे. तरी माझ्यासमोर कोणी म्हणाले, "फॉर्म कॅफेवालाच भरून देते, काका," की मी आजही खाकरतो. मग पोर आपला नंबर आपल्या हाताने टाकेपर्यंत वाडीतला एकही ट्रक गिअरमध्ये पडत नाही.