सतराचा पाढा

मंगळवारी सकाळी बेल वाजली नाही. मी खोलीत गेलो. पत्नीचा श्वास थांबला होता.

ती जबलपूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये मायक्रोप्रोसेसर शिकवायची. बाहेरची यंत्रं प्रोसेसरपर्यंत आपलं काम कसं पोहोचवतात, हे ती आधी वर्गाकडूनच करून घ्यायची. एका मुलीने प्रोसेसर होऊन फळ्यावर सतराचा पाढा लिहायचा. मागच्या बाकावरचा मुलगा म्हणजे बटण. प्रत्येक ओळीनंतर प्रोसेसरने वळून विचारायचं, "दबा क्या?"

"नहीं, दीदी!"

वर्ग हसायचा, पाढा रखडायचा. मग ती नियम बदलायची. आता विचारायचं नाही. बटण दबलं की मुलगा टाळी वाजवेल. हातातली ओळ पुरी करायची, तिथे खूण करायची, त्याचं काम करून यायचं आणि खुणेपासून पुढे लिहायचं. याला इंटरप्ट म्हणतात, हे ती सगळ्यात शेवटी सांगायची.

तिच्या डाव्या अंगावरून वारं गेल्यावर मी पुस्तक घेऊन बाहेरच्या खोलीत बसू लागलो. पान संपायच्या आत तिच्या दारात उभा असायचो. "काही हवंय?"

"अहो, दबा क्या?" ती एकदा म्हणाली. "काहून सारखे येऊन राहिले?"

ती हसली, पण मला समजलं. कधी हाक मारायची, हे तिला स्वतःकडे ठेवायचं होतं.

बेल तिनेच केली. सराफ्यातून आणलेला सोनाराचा चिमटा तिच्या उजव्या हातात, तार धरायला मी.

"हलू नका."

"माझा हात थरथरतो."

"अच्छा! मग माझा डावाच बरा."

बटण तिच्या उशाशी बसलं, बेल माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर. ती पहिल्यांदा वाजली तसा मी धावलो.

"टेस्टिंग," ती म्हणाली. "पानात खूण घातली का?"

घातली नव्हती. तिने मला परत पाठवलं.

पुढे मी न विचारता वाचत बसायला शिकलो. भेटायला येणाऱ्यांना ते खटकायचं. ती मात्र हवं तेव्हा बोलवायची. पाण्यासाठी, उशीसाठी, कधी नुसता खिडकीबाहेरचा भारद्वाज दाखवायला. अंथरुणावरही माझी बायको कुणाच्या चौकशीवर जगली नाही. याचा मला अभिमान आहे.

बेल आणि बटण आता पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये आहेत. आधी पाढा होतो, मग मुलं त्यांची जोडणी करतात. माझ्या खुर्चीमागे भिंतीत दोन स्क्रू आहेत.