पाण्याचा वास गेला

क्लोरीनमामा गल्लीत शिरले की आधी वास यायचा आणि मागून मामा. उभा जन्म गावाच्या जलशुद्धीकरण केंद्रावर गेलेला, पाण्यात क्लोरीन सोडण्यात. शर्टांचे रंग उडालेले, मिशा पिवळट, आणि गंमत बघा, एवढ्या वासात राहून राहून मामांचं स्वतःचं नाक मात्र पार कामातून गेलेलं. शेजारी दूध करपून धूर निघाला तरी मामांना पत्ता नाही. मामी म्हणायच्या, "यांच्या तोंडावर नाक आहे ते फक्त चष्मा ठेवायला!"

नाक नाही म्हणून सगळी भिस्त डोळ्यांवर. खिशात कायम एक काचेची नळी आणि औषधाची बुटकी बाटली. नळाचं पाणी नळीत धरायचं, दोन थेंब टाकायचे. पाण्याला पिवळी झाक आली की समजायचं, क्लोरीन इथवर पोचला. पाणी कोरं राहिलं की मामा तडक केंद्राकडे पळायचे. लेकीचं स्थळ बघायला गेले तेव्हाची हकिगत तर अख्ख्या गल्लीला पाठ. मुलाकडच्यांनी पाणी पुढे केलं आणि मामांनी खिशातून नळी काढली. मुलाचा बाप चरकला. "अहो, विष नाही घातलं त्यात!"

"तेच बघतोय," मामा म्हणाले. पाणी छान पिवळं झालं आणि मामांनी तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. मुलगा बघायचा राहूनच गेला; तो बिचारा ट्रक घेऊन परगावी गेला होता.

संसार मात्र चांगला झाला हो. लेक इस्पितळात नर्स, जावई ट्रकवर, म्हणून त्यांची पोर आजोळीच वाढली. पायाला चाकं लावलेली पोर, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. तिचे आबा, म्हणजे मामा, कामावरून आले की दोन बोटांनी नाक दाबून ही घरभर पळणार, "औषध आलं! औषध आलं!" मामांना तेवढ्यावरून कळायचं की आपल्या अंगाला वास येतोय, म्हणजे आजचं काम चोख झालं. नळाचं पाणीही ती तशीच प्यायची, नाक दाबून, एक डोळा मिटून, अर्धा पेला कसाबसा. "पी गं सगळं," मामा मागे लागायचे. "मी काय गावासाठी पाणी करतो आणि घरचीच पोर तोंड वाकडं करते!"

मग लढाई लागली. लांब, सीमेवर. गावावर एकही गोळा पडला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्यांदा माणसं गेली. लेकीला आघाडीवरच्या इस्पितळात पाठवलं, जावयाला ट्रकसकट नेलं. मग एका सकाळी केंद्राच्या फाटकात लष्कराची गाडी उभी. अधिकारी कोवळा होता, बोलायलाही नम्र. म्हणाला, "हा क्लोरीन वायू शत्रूच्या हाती लागला तर त्याचं हत्यार होईल. सगळी सिलिंडरं डेपोत जातील."

केंद्राचे साहेब, म्हणजे मोठे इंजिनिअर, म्हणाले, "आणि पाणी?"

"पाणी येतच राहील की!"

ब्लीचिंग पावडरची पोती होती, तीही आघाडीच्या इस्पितळांसाठी चढवली. भरलेल्या सिलिंडरवर मामा खडूने 'भरलेलं' असं लिहून ठेवत. तसली एकेक गाडीत चढू लागली तेव्हा मामा आडवे आले. "एक तरी ठेवा हो. लहान पोरं आहेत गावात."

"आजोबा," अधिकारी म्हणाला, "आघाडीवरही पोरंच आहेत."

मामा बाजूला झाले. गाडी गेली.

आणि दुसऱ्या दिवशी गाव खूश! नाक्यावरच्या चहावाल्याने मामांना हात धरून बाकड्यावर बसवलं. "मामा, केलंत तरी काय? आज जन्मात पहिल्यांदा माझ्या चहाला चहाची चव आली! हा घ्या, फुकट."

"अरे बाबा, ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस."

"मग चहा काय मी गार पाण्यात करतो?"

"गिऱ्हाइकाला नुसतं पाणी देतोस ते? घरी आई पिते ते?"

"ते उकळायला रॉकेल तुम्ही आणून देणार? सगळं लष्कराच्या गाड्या पितात. आणि मामा, चव तरी घेऊन बघा, अमृत आहे अमृत!"

मामा दारोदार हिंडले. "उकळा हो, पाणी उकळून प्या." लोक हसायचे. "मामांचा वास गेला ना, म्हणून जीव खालीवर होतोय!" इतकी वर्षं ज्या पाण्यासाठी शिव्या खाल्ल्या, ते बिघडलं तेव्हा लोक पाठ थोपटत होते. मामा नळी काढून दाखवायचे, "बघा, कोरं आहे." लोक म्हणायचे, "मग? पाणी कोरंच असतं की!"

साहेबांनी बोलावून घेतलं. "मामा, वरून ताकीद आलीय. पाण्याबद्दल बोलाल तर अफवा पसरवली म्हणून आत टाकतील. तुम्हालाही आणि मलाही."

"मग करायचं काय, साहेब?"

साहेबांनी उठून दार लोटून घेतलं. "माझ्या घरी खुर्च्या फोडून पाणी उकळतोय," ते हळूच म्हणाले.

मामींनीही जुन्या कपाटाच्या फळ्या फोडायला घेतल्या. उकळलेल्या पाण्याला धुरकट चव यायची. भिंगरीला दम भरलेला होता, नळाला तोंड लावायचं नाही म्हणून. पण पाच वर्षांचं पोर ते! एका दुपारी मामा दारात आले तर ही अंगणातल्या नळाखाली ओंजळ धरून उभी. हनुवटीवरून पाणी ओघळतंय आणि चेहऱ्यावर नुसता आनंद.

"आबा, बघा! नाक न दाबता प्यायले! सगळं!"

मामांनी तिला उचलून आत नेलं. रागवावं तर कशासाठी? हेच तर तिला इतकी वर्षं सांगत आले होते.

हगवण आधी मागच्या आळीत आली, मग चहावाल्याच्या घरात आणि मग भिंगरीला लागली. सकाळी उलट्या, आणि दुपार होईतो डोळे खोल गेलेले. मामांनी तिला खांद्यावर टाकून इस्पितळ गाठलं. वरचा अख्खा मजला जखमी जवानांसाठी राखलेला. अजून एकही जवान आला नव्हता, चादरी कडक इस्त्रीच्या. खालच्या मजल्यावर एकेका खाटेवर तीन-तीन पोरं. सलाईनच्या बाटल्या आघाडीवर गेलेल्या, नर्साही आघाडीवर. उरलेली एकटी नर्स म्हणाली, "बाटली आली की पहिली हिलाच लावते हो मामा. तोवर मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा." भिंगरीची आई त्याच वेळी कुठल्या तरी तंबूत कुणाच्या तरी लेकाला सलाईन लावत असेल.

"पाणी उकळलेलं आहे ना?" मामांनी विचारलं. नर्सने कोपऱ्यातल्या रिकाम्या स्टोव्हकडे बोट दाखवलं. मामांनी सवयीने नळी काढली, दोन थेंब टाकले, उजेडाकडे धरली.

भिंगरी बघत होती. "पिवळं झालं, आबा?"

"झालं गं बाळा. पिवळंधमक."

आणि तेच पाणी ते चमच्या-चमच्याने पाजत राहिले. दुसरं होतं काय? बाटली आली नाही. दिवेलागणीच्या आत भिंगरी गेली.

लढाई पुढे संपली. आपण जिंकलो म्हणे. रस्त्यांवर बँड वाजला. मग एक दिवस साहेब मामांना म्हणाले, "जा, डेपोतून सिलिंडरं घेऊन या."

डेपो नदीच्या पुलापलीकडेच होता. त्याच्या आवारातून केंद्राची टाकी दिसायची. भिंतीमागे कमरेइतक्या गवतात सिलिंडरं उतरवली तशीच ओळीने पडलेली, आणि खडूची अक्षरं पुसट झालेली पण वाचता येत होती: भरलेलं. भरलेलं. भरलेलं. एकालाही कुणी हात लावला नव्हता.

"हे होय?" पहारेकरी म्हणाला. "कुणी विचारायलाच आलं नाही."

मामांनी सिलिंडर जोडलं, झडप फिरवली. संध्याकाळी नाक्यावरच्या नळाचं पाणी नळीत पिवळं झालं. चहावाल्याने घोट घेतला आणि सवयीने थुंकला. "आला पुन्हा तो वास! मामा, जरा कमी सोडा की." एवढं बोलला आणि त्याचं त्यालाच काही तरी लागलं. त्याची आई त्याच साथीत गेली होती. खाली मान घालून तो कपबशा विसळत राहिला.

मामा घरी आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. शर्ट नाकाशी धरून पाहिला. त्या नाकाला काय कळणार? आत शिरायच्या ऐवजी तसेच थांबले, घरातल्या धावत्या पावलांसाठी कान देऊन.

मामी बाहेर आल्या. पुढे होऊन त्यांनी शर्टाचा वास घेतला.

"येतोय हो," त्या म्हणाल्या. "वास येतोय. चला, आत चला."

मामा हलले नाहीत.