हिरव्या काठाचे कोष

लग्न होऊन मी अंजूरहून भिवंडीत आले तो काळ शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा. विज्ञानाची पदवी होती आणि जूनपासून जवळच्या शाळेत शिकवायला बोलावणंही आलं होतं. सासूबाईंची एकच अट होती, "आदी घराच्या भिती साफ राहू देत, मंग जा शालंत."

माझं घोडं तिथेच पेंड खात होतं. सकाळी झाडू फिरवला की दोन दिवसांत काकडीच्या बीएवढे चपटे, करडे कोष पुन्हा भिंतीला चिकटलेले असत. सासूबाई त्यांना जळमट म्हणत आणि माझ्याकडे बघत. मला रडू यायचं, त्याहून जास्त राग यायचा.

शेवटी एक कोष बरणीत टाकला, तोंडाला फडकं बांधलं, आत थोडी जळमटं ठेवली. कोषातून तपकिरी डोकं बाहेर आलं आणि अळी घर ओढत चालू लागली. वाट अडवली तर आतल्या आत वळून दुसऱ्या टोकातून डोकवायची. मला हेवा वाटला. तिला दोन दारं होती आणि दोन्ही उघडी.

शुक्रवारी लूम, म्हणजे आमचे कापडाचे यंत्रमाग, बंद. त्या दिवशी नवरा घराला लागूनच असलेला कारखाना झाडायचा आणि हिरव्या सुताची भुरी, बारीक तंतूंची धूळ, थेट आमच्या घरात यायची. त्यातली चिमूटभर बरणीत टाकली. काही दिवसांत अळीने कोषाच्या दोन्ही टोकांना हिरवा काठ विणला. मग ती हलेनाशी झाली. मेली असेल असं वाटलं, तरी बरणी टाकवेना. मे संपता संपता फडक्याला आतून एक राखाडी पतंग चिकटलेला दिसला, करंगळीच्या नखाएवढा. कोष रिकामा होता.

मी तो रिकामा कोष सासूबाईंच्या तळहातावर ठेवला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथल्या कोषांनाही हिरवा काठ होता.

"ही तं आपल्याच लूमची भुरी हाय."

"हो आई. कितीही झाडलं तरी दर शुक्रवारी नवी येते."

त्यांनी कोषाचा हिरवा काठ नखाने चाचपला. मग म्हणाल्या, "याच भितींपायी माज्या सासूनं मला दोन वर्सं म्हायेरी जाऊ दिलं न्हाय."

शाळा सुरू झाली त्या सकाळी भिंतीवर सात-आठ कोष होते. सवयीने मी झाडूकडे वळले.

"असू देत ते," सासूबाई म्हणाल्या. "तू जा."