कॉम्प्युटरपुढे दोन खुर्च्या

मंडळी, आई-बाबांसाठी स्वस्तातला कॉम्प्युटर जोडायचं महिनाभर डोक्यात होतं. गरजा साध्याच: बातम्या, सोयाबीनचा भाव, आईची बुद्धवंदना. म्हणून मॉनिटर आणि सीपीयू जुनेच घेतले, झटकन सुरू व्हावा म्हणून आतली एसएसडी डिस्क तेवढी नवी टाकली. कॅमेरा मुद्दाम टाळला. कशाला उगाच खर्च?

आज सकाळी कनेरगाव नाक्याच्या आमच्या घरी तो लावला. लगेच सुरू झाला. मी खूश.

आई आत गेली आणि इस्त्रीची साडी नेसून आली. बाबांनीही शर्ट बदलला. दोघांनी खुर्च्या ओढल्या आणि पडद्यासमोर ताठ बसले, फोटो काढायला बसावं तसे.

"लाव आता ताईला," आई म्हणाली. ताई म्हणजे माझी बहीण, नागपूरला असते.

"यात कॅमेरा न्हाई आई. व्हिडिओ कॉलला मोबाईल आहे की."

"मोबाईलात एकच जण मावते. तिला ह्यांचा नुसता कान दिसते. मंग काहून आणला एवढा मोठा?"

बाबा लगेच म्हणाले, "राहू दे. पोरगं इतकं करून राहिलं."

ते "राहू दे" जास्त लागलं. प्रोसेसरवरचे ढीगभर व्हिडिओ पाहिले मी, पण या दोघांना एकदाही विचारलं नव्हतं.

तुम्ही विचारता का हो घरच्यांना, की माझ्यासारखं परस्पर ठरवून मोकळे होता?

आत्ता हिंगोलीत आहे. दुकानदार कॅमेरा शोधतोय तोवर हे लिहितोय. बाबांचा फोन येऊन गेला: आई अजून त्याच साडीत खुर्चीवर बसलीय, लवकर ये.